मूळ ठिकाण: ल ल्यो

स्विस पासपोर्टवर जन्मगावाचा रकाना नसतो. त्या जागी 'ल्यो दोरिजिन' छापलेलं असतं, म्हणजे मूळ ठिकाण. ज्या गावानं तुमच्या घराण्याला आपलं म्हणून वहीत नोंदवलं, ते गाव. तुमचा जन्म तिथे झालेला असायची गरज नाही, तुम्ही तिथे राहायचीही गरज नाही. तीन पिढ्या लोझान शहरात काढलेला माणूस पासपोर्टवर कुठल्यातरी डोंगरातल्या खेड्याचा असतो, आणि ते खेडं त्यानं कधी पाहिलेलंही नसतं.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला ते जराही परकं वाटलं नाही. माझ्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे. त्या 'कर'च्या आधीचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे.

बाबा बारा वर्षांचे असताना घर सुटलं. धरण झालं, शिवसागर भरत गेला आणि आमची माणसं सह्याद्री उतरून रायगड जिल्ह्यात आली. मी वाढले पनवेलला. पण कुणी 'मूळ गाव कुठलं?' विचारलं की बाबा त्या बुडालेल्या गावाचंच नाव सांगायचे, आणि मीही तेच सांगत आले. मे महिन्यात पाणी ओसरलं की घरांची जोती दिसतात, असं आजी सांगायची. मी ती कधी पाहिली नाहीत.

आज माझ्या पासपोर्टवर मूळ ठिकाण म्हणून ल ल्यो हे नाव आहे. ते तिथे कसं आलं, ते लिहून ठेवायचं आहे.

आम्ही २०१० च्या सप्टेंबरमध्ये लोझानला आलो, नवऱ्याच्या नोकरीमुळे. सात वर्षं शहरात गेली. मी पुण्यात टूल डिझाइन शिकले होते, पण इथे बराच काळ मिळेल ते काम केलं. मग घड्याळांचे सुटे भाग करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मला नोकरी लागली आणि २०१७ मध्ये आम्ही वर, व्हाले द जूमध्ये राहायला गेलो. वर म्हणजे खरंच वर. जुरा पर्वतातली ही दरी समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर आहे. मध्ये साधारण नऊ किलोमीटर लांब तळं, लाक द जू. एका अंगाला रिझूचं जंगल, आणि जंगलापलीकडे फ्रान्स. दरीत तीन कोम्यून आहेत. कोम्यून म्हणजे सगळ्यांत खालच्या पातळीचं सरकार, आपल्या ग्रामपंचायतीसारखं, पण हातात पुष्कळ जास्त अधिकार असलेलं. तिन्हींत सगळ्यांत जुनं ल ल्यो. लोकवस्ती नऊशेच्या आसपास. ल ल्यो, ल सेशे आणि ले शारबोनिएर ही तीन गावं, काही वाड्या, आणि बाकी कुरणं आणि जंगल.

'ल ल्यो' या शब्दाचा अर्थच 'ठिकाण'. मध्ययुगात पाँसे नावाचा एक संन्यासी इथल्या अरण्यात येऊन राहिला, त्याचं ठिकाण ते 'दाँ पाँसेचं ठिकाण'. पुढे पाँसेचं नाव गळलं आणि नुसतं ठिकाण उरलं. पूर्वी जवळजवळ सगळी दरी या एकाच गावाच्या कारभारात होती. १५७१ मध्ये लाबेई वेगळं झालं, १६४६ मध्ये ल शनी. मोठमोठ्या घड्याळ कंपन्या आज त्या ल शनीत आहेत, दुकानं आणि इस्पितळही तिकडेच. ल ल्योकडे शांतता राहिली, आणि चीज.

त्या चीजबद्दल थोडं लिहायलाच हवं. व्हाश्रँ माँ-दोर हे फक्त थंडीतलं चीज. ऑगस्टच्या मध्यापासून ते करायला घेतात आणि मार्च संपला की बंद. इतकं मऊ की स्वतःच्या अंगावर उभं राहत नाही, म्हणून त्याला स्प्रूस या सूचीपर्णी झाडाच्या आतल्या सालीचा पट्टा गुंडाळतात आणि स्प्रूसच्याच गोल डबीत ठेवतात. पट्टा काढायचं काम वेगळी माणसं करतात. झाड पाडल्यावर बाहेरची खरबरीत साल तासायची आणि खालचा ओलसर थर लांब पट्ट्यांत सोलायचा. ले शारबोनिएर हे या चीजचं माहेरघर. सप्टेंबरच्या शेवटी तिथे त्याचा उत्सव असतो. डबी तशीच, लसूण आणि पांढरी वाइन घालून, भट्टीत ठेवतात आणि उकडलेल्या बटाट्यांवर ते चमच्यानं घेतात. पहिल्या वर्षी त्या वासानं मी मागे सरले होते. आता ऑक्टोबरमध्ये घरात तो वास आला नाही तर चुकल्यासारखं होतं.

नव्या गावात गेलं की ठरलेल्या मुदतीत कोम्यूनच्या कचेरीत नाव नोंदवावं लागतं. कचेरी आठवड्यातले काहीच तास उघडी असते. तिथल्या सचिवबाईंनी माझं आडनाव दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा नीट म्हटलं आणि लिहून घेतलं. मग कचऱ्याच्या पिशव्यांचं समजावलं. कर भरलेल्या ठराविक पिशवीतच कचरा टाकायचा. पिशवी महाग, त्यामुळे काच, कागद, ओला कचरा हे सगळं आपोआप वेगळं होतं. आणि शेवटी त्यांनी दाराबाहेरची काचेची पेटी दाखवली. तिला 'पिलिए प्युब्लिक' म्हणतात. कोण घर बांधतंय, कोण छप्पर बदलतंय, कुठल्या रस्त्याचं काम निघणार, सगळं तिथे लागतं. बांधकामाचा अर्ज तीस दिवस लोकांपुढे ठेवतात, हरकत असेल त्यानं लिहून द्यायची. सचिवबाई म्हणाल्या, "फ्रेंच शिकायचंय ना? रोज हे वाचत जा." मी वाचत गेले. माझं फ्रेंच शेजाऱ्यांची गोठ्याची छपरं आणि गटारांच्या नळ्या यांवर वाढलं.

लोझानच्या वर्गात मी पॅरिसचं फ्रेंच शिकले होते. त्यात ऐंशीला 'कात्र-व्हँ' म्हणतात, म्हणजे चार विसा. माझी आजी आंबे असेच मोजायची, एक वीस, दोन वीस, चार विसा. म्हणून तो आकडा मला चटकन कळला होता. इथे व्होमध्ये, म्हणजे आमच्या कँटनमध्ये (कँटन म्हणजे इथलं राज्य), तो कुणी म्हणत नाही. इथे सत्तर 'सेप्ताँत', ऐंशी 'उईताँत' आणि नव्वद 'नोनाँत'. भेटल्यावर 'आद्यो' म्हणतात, आणि मला वर्गात शिकवलं होतं की आद्यो म्हणजे कायमचा निरोप. पहिल्यांदा शेजारच्या बाई कुंपणावरून "आद्यो!" म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं की माझं काहीतरी चुकलं.

त्या शेजारच्या बाई या सगळ्या हकिकतीत शेवटपर्यंत आहेत. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. आम्ही घर घेतलं तेव्हा त्या एक्याऐंशी वर्षांच्या होत्या. यजमान गेलेले, मुलं खाली मैदानात. त्यांच्या सासऱ्यांच्या घराला छपराखाली लांबच्या लांब खिडक्यांची रांग आहे. थंडीत शेती बंद, बर्फानं रस्ते बंद, मग शेतकरी त्या खिडक्यांशी टेबलं मांडून घड्याळांचे भाग घासायचे. उजेड वाया जाऊ नये म्हणून एवढ्या खिडक्या. मी सूक्ष्मदर्शकाखाली जे काम करते त्याची सुरुवात अशा घरांत झाली, हे मला कारखान्यात कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी सांगितलं. दोन वर्षं आम्ही एकमेकींना 'तुम्ही' म्हणत होतो. एका जानेवारीत मी त्यांच्या दारातला बर्फ काढून दिला, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता आपण 'तू' म्हणू या." इकडे हे असं बोलून ठरवतात. मला मात्र जड गेलं. आईच्या वयाच्याही पुढच्या बाईला 'तू'! मग मी मनात म्हटलं, आजीला आपण 'तू'च म्हणतो की.

मार्च २०२१ मध्ये मी पहिल्यांदा इथे मत दिलं. तेव्हा माझ्या हातात भारतीय पासपोर्टच होता. व्हो कँटनच्या २००३ च्या घटनेनं परदेशी लोकांना गावपातळीवर मताचा हक्क दिला आहे. देशात दहा वर्षं आणि कँटनमध्ये तीन वर्षं राहिलेलं असावं लागतं. टपालानं पाकीट आलं तेव्हा वाटलं, चुकून आलंय. बाईंकडे घेऊन गेले. त्यांनी पाकीट उलटसुलट पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "मला पहिलं मत मिळालं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते."

व्होनं बायकांना मताचा हक्क दिला १ फेब्रुवारी १९५९ ला, सगळ्या स्विस कँटनांमध्ये सर्वांत आधी. त्याच दिवशी साऱ्या देशातल्या पुरुषांनी तोच हक्क देशपातळीवर नाकारला. तो मिळायला ७ फेब्रुवारी १९७१ उजाडलं. म्हणजे बारा वर्षं बाई गावासाठी आणि कँटनसाठी मत देऊ शकत होत्या, देशासाठी नाही. मी त्यांना सांगितलं, माझी आजी, जिला अक्षर वाचता येत नव्हतं, तिनं १९५२ मध्ये भारताच्या पहिल्या निवडणुकीत मत दिलं होतं, त्या बुडालेल्या गावातून. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तर मग तू आता माझ्यासारखी आहेस. गावाचं मत आहे, देशाचं नाही. उरलेलंही घेऊन टाक."

अर्ज करायचं त्या दिवशी ठरलं.

स्विस नागरिकत्व तीन मजल्यांचं असतं: कोम्यून, कँटन आणि देश. देशाचं नागरिकत्व असं सुटं मिळत नाही. एखाद्या गावानं तुम्हाला आपलं म्हणावं लागतं, मग कँटननं, आणि देशानं मंजुरी द्यावी लागते. २०१८ पासूनच्या कायद्यानं एकूण दहा वर्षं वास्तव्य आणि कायम वास्तव्याचा 'सी' परवाना हवा. फ्रेंच, युरोपातल्या भाषा-मोजपट्टीवर, बोलण्यात बी-१ आणि लिहिण्यात ए-२ पातळीचं. कर भरलेला, कर्जवसुलीचा दावा नाही, गुन्हा नाही, अर्जाआधीच्या तीन वर्षांत सरकारी मदत घेतलेली नाही. मुलांची आठ ते अठरा या वयातली वर्षं दुप्पट धरतात. आमची लेक २०१२ ची, तिचं नाव माझ्याच अर्जात घातलं.

नवऱ्यानं अर्ज केला नाही. यावर आमच्याकडे पाच-सहा महिने बोलणं चाललं, कधी शांतपणे, कधी नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की १९५५ च्या कायद्याप्रमाणे भारताचं आपोआप संपतं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर भारतात येता-राहता येतं. पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आलेली ठेवता येते, नवी घेता येत नाही. त्याच्या वडिलांची सांगोल्याला डाळिंबाची बाग आहे आणि शेजारचा तुकडा कधीतरी घ्यायचा त्याचा मानस आहे. "माझं मूळ गाव जमिनीवर आहे," तो एकदा म्हणाला, "तुझं पाण्यात आहे. म्हणून तुला सोपं जातंय." मला ते लागलं. पण त्यात खरं होतं, आणि ते मी त्याला तेव्हाच सांगितलं.

कागदांचं काम वाटलं होतं त्याहून लांबलं, आणि अडलं ते भारतात. माझ्या जन्माच्या नोंदीत बाळाच्या नावाचा रकाना कोरा होता. त्या काळी बारशाआधीच नोंद व्हायची आणि नाव नंतर घालायला कुणी जायचं नाही. शाळेचा दाखला, पासपोर्ट, लग्नाचा दाखला, सगळीकडे मी आहे. जन्माच्या वहीत मात्र 'स्त्री', आईचं नाव, वडिलांचं नाव, बस. इथे नागरिक करून घ्यायच्या आधी नोंदवहीत तुमचं जन्मापासूनचं सगळं चढवतात, त्यामुळे हे टाळता येण्यासारखं नव्हतं. बाबा चौऱ्याहत्तराव्या वर्षी ज्या कचेरीत वही होती तिथे सात खेपा घालत होते. तिथल्या एकानं त्यांना विचारलं, "पोरगी तिकडं गेली ना, मग आता कशाला नाव?" सहा महिन्यांनी नाव चढलं. जे कुणी परदेशी असतील आणि ऐंशीच्या आधी जन्मलेले असतील, त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आईवडील चालते-फिरते आहेत तोवर जन्मदाखला काढून रकाना बघून घ्या.

भाषेची परीक्षा त्या मानानं सोपी गेली. तोंडी भागात डॉक्टरांची वेळ बदलून घ्यायचा फोन करायचा होता, तो मी खऱ्या आयुष्यात वीस वेळा केला होता.

मग ज्ञानाची परीक्षा. व्होमध्ये ती लेखी असते. ४८ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि सत्तर टक्के तरी बरोबर हवेत. देशाची, कँटनची आणि आपल्या भागाची माहिती. थंडीभर रोज संध्याकाळी मी बाईंच्या स्वयंपाकघरात बसायचे. चुलीत लाकूड, टेबलावर गहू-बटाट्याचं काहीतरी, आणि त्या चष्मा कपाळावर सारून प्रश्न विचारायच्या. राष्ट्रीय परिषदेत किती जण? दोनशे. कँटनांच्या परिषदेत? सेहेचाळीस. सरकारात? सात. व्हो स्विस संघात कधी आलं? १८०३. त्याआधी १५३६ पासून इथे बर्नचं राज्य होतं, ते संपलं २४ जानेवारी १७९८ ला. मेजर दाव्हेलचं नाव आलं की त्या प्रश्न विचारणं थांबवून गोष्टच सांगायच्या. बर्नविरुद्ध उठायला तो १७२३ मध्ये सैनिकांची तुकडी घेऊन लोझानला आला. आपल्याच लोकांनी त्याला धरून दिलं आणि व्हिदीला त्याचं डोकं उडवलं. "आपल्याच लोकांनी," त्या दरवेळी पुन्हा म्हणायच्या. मला संभाजीराजे आठवायचे. एकदा मी त्यांना तीही गोष्ट सांगितली, मोडक्या फ्रेंचमध्ये, संगमेश्वरपासून. त्यांनी चुलीत लाकूड घालायचं विसरून ती ऐकली.

परीक्षा झाली. चुका दोन.

खरी धाकधूक होती ती कोम्यूनच्या लोकांसमोर बसायची. कारभारी मंडळाचे तिघे, त्यांत गावप्रमुख, ज्यांना इथे 'सँदिक' म्हणतात. साधी खोली, भिंतीवर हिरव्या-पांढऱ्या व्होची ढाल, टेबलावर पाण्याचा जग. तिघांनाही मी ओळखत होते. एकांकडून आम्ही दूध घेतो, एक जण लेकीच्या वर्गातल्या मुलाचे वडील. ओळखीच्या माणसांपुढे परीक्षेला बसणं परक्यांपुढे बसण्यापेक्षा अवघड असतं.

आधी घरचं विचारलं, कामाचं विचारलं. गावात कशात भाग घेता? मी व्हाश्रँच्या उत्सवात तीन वर्षं बटाटे वाढत होते ते सांगितलं. गावच्या गायनमंडळात दुसऱ्या आवाजात गाते, तेही. फेब्रुवारीत तळ्यावर बर्फ धरला की लेक सकाळी शाळेआधी स्केटिंगला जाते, तेही. मग दूधवाले म्हणाले, "मादाम, तळ्याचं पाणी कुठे जातं?"

हा प्रश्न पुस्तकात नव्हता, पण तो या दरीतल्या प्रत्येक पोराला माहीत असतो. ओर्ब नदी फ्रान्सकडून येते, लाक द जूला मिळते, तिथून पाणी लाक ब्रने या लहान तळ्यात जातं. आणि पुढे जमिनीवरून वाटच नाही. चारी बाजूंनी डोंगर. चुनखडीतल्या विवरांमधून पाणी आत शिरतं, डोंगराच्या पोटातून वाहतं आणि सव्वादोनशे मीटर खाली, व्हाल्लोर्बजवळ, एका कड्याखालून पुन्हा नदी होऊन बाहेर पडतं.

हे मी सांगितलं. आणि मग न विचारता पुढचंही बोलले. म्हटलं, माझ्या वडिलांच्या गावीही असंच आहे. तिथे एक मोठं तळं आहे, माणसांनी केलेलं. त्याचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटात शिरतं आणि पलीकडे पोफळीला, कोकणात उतरतं, वाटेत वीज करतं. त्या तळ्याखाली आमचं गाव आहे. माझं आडनाव त्या गावावरून आहे. तिथलं आता कुणीच नाही, पण आम्ही सगळे स्वतःला तिथलेच म्हणतो.

खोलीत कुणी काही लिहून घेत नव्हतं. सँदिकांनी विचारलं, "मग तुम्हाला ल ल्योचं मूळ का हवंय? तुमच्याकडे आहे की."

याचं उत्तर मी तयार केलेलं नव्हतं. मी म्हटलं, "माझ्या वडिलांना गाव सोडताना कुणी विचारलं नव्हतं. मला कुणीतरी विचारावं आणि मी हो म्हणावं, असं मला वाटतं. आणि माझ्या मुलीला विचारलं, गाव कुठलं, तर ती ल ल्योच सांगते. तिनं ते पनवेलला, आजोबांसमोरही सांगितलं."

त्यांनी मान हलवली. मग बराच वेळ बोलणं वेगळ्याच गोष्टींवर गेलं. पूर्वी मूळ गाव म्हणजे मोठी जबाबदारी असायची. कुणी गरिबीत सापडला, म्हातारपणी निराधार झाला, तर तो देशात कुठेही राहत असो, त्याला पोसायचं काम मूळ गावाचं. म्हणून गावं नव्या माणसाला आपला म्हणताना दहादा विचार करत. आता मदत राहत्या ठिकाणाहून मिळते, मूळ गाव कागदावर राहिलं. पण दूधवाल्यांच्या बोलण्यावरून कळत होतं की त्यांच्या मनात ते कागदापुरतं नाही. दार उघडून देताना ते म्हणाले, "तू द बाँ." इकडे निरोप घेताना असंच म्हणतात: सगळं चांगलं होवो.

गावानं हो म्हटल्याचं पत्र आलं. मग कँटन आणि बर्न, म्हणजे देशाचं सरकार, यांत वर्ष गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

जून २०२४ मध्ये लोझानला शपथ झाली, कँटनच्या सरकारापुढे. सभागृहात किती देशांची माणसं होती कुणास ठाऊक. आधी घटनेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ वाचून दाखवली, मग एकेकाचं नाव. आपलं नाव आलं की उभं राहून हात वर करायचा आणि वचन द्यायचं. माझं आडनाव वाचणाऱ्यानं ते पहिल्याच फटक्यात बरोबर म्हटलं. त्या एका शब्दात ते बुडालेलं गाव त्या सभागृहात मोठ्यानं उच्चारलं गेलं. नवरा मागे बसला होता. बाईही आल्या होत्या, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, गाडीनं, काळा कोट आणि मोत्यांचं पदक घालून.

भारतीय पासपोर्ट परत करायला गेले तो दिवस मात्र वाईट गेला. खिडकीपलीकडच्या माणसानं तो घेतला, रद्द केल्याचा शिक्का मारला, कोपरा कापला आणि मला परत दिला. त्यात पहिला व्हिसा होता, बाबांचं नाव होतं, आईचं नाव होतं. बाहेर बाकावर बसून बाबांना फोन केला. ते म्हणाले, "कापलेला का होईना, जपून ठेव. आमच्याकडे तर गावाचा कागदही उरला नाही." मग थोड्या वेळानं म्हणाले, "नव्यात गावाचं नाव काय लिहिलंय, वाच." अजून तो आलेला नव्हता, तरी मला माहीत होतं. मी वाचल्यासारखं सांगितलं. त्यांनी विचारलं, त्याचा अर्थ काय. ठिकाण, मी म्हटलं. ते दोनदा म्हणाले, "ठिकाण. ठिकाण. बरंय."

नोव्हेंबरात पाकीट आलं, या वेळी देशाचं. २४ नोव्हेंबरला एकदम चार प्रश्नांवर मतदान होतं: महामार्ग रुंद करायचे का, घरभाड्याच्या कायद्यातले दोन बदल, आणि आजारपणाचा खर्च कँटन आणि विमा कंपन्या यांनी कसा वाटून घ्यायचा. सोबत माहितीची पुस्तिका, दोन्ही बाजूंची बाजू मांडलेली. मी ती पूर्ण वाचली, आजारपणाच्या खर्चाचा भाग तीन वेळा. मग पाकीट घेऊन बाईंकडे गेले. त्यांचं टेबलावर तयार होतं, सही केलेलं, चिकटवलेलं. एकमेकींनी काय मत दिलं ते विचारलं नाही.

रात्री बर्फ पडला होता. त्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही दोघी कचेरीपर्यंत चालत गेलो. पेटी पिलिए प्युब्लिकच्या शेजारीच आहे. आधी त्यांनी टाकलं, मग मी. परत फिरताना काचेमागे नवा कागद दिसला. वरच्या आळीतल्या कुणालातरी छपरावर सोलर बसवायचे होते, तीस दिवसांची मुदत. आम्ही थांबून तो वाचला.